शिंपी कोणत्या वर्गात मोडते

आमच्या मोताळ्यात मास्तर दोन प्रकारचे होते. एक कापड कापणारे आणि दुसरे मार्क कापणारे. माझे वडील पहिल्या प्रकारचे. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पण एसटी स्टँडपासून बाजाराच्या टोकापर्यंत ते सगळ्यांचे मास्तर, आणि लहानपणी माझी पक्की समजूत होती की शाळेतल्या लोकांनी ही पदवी आमच्याकडून उसनी नेली आहे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, कोळशाची इस्त्री, आणि भिंतीवर एक आरसा. त्यात कमरेच्या खालचंच दिसायचं, कारण वरचा अर्धा भाग आत्याच्या लग्नात फुटला होता. दादांना तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. ओठ मिटले की टाचण्या टोचतात, म्हणून प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं दुकानाच्या वेळात आमच्या घरातून हद्दपार असत. माझं नाव शोभा. दिवसभर मी ‘शोआ’ असायची आणि संध्याकाळी टाचण्या डबीत गेल्या की पुन्हा शोभा व्हायची. गिऱ्हाइकाला ‘माप द्या’ म्हणायचं असलं की दादांच्या तोंडून ‘आ द्या’ एवढंच निघायचं, आणि नवखं गिऱ्हाईक बिचारं डॉक्टरकडे आल्यासारखं आ वासून उभं राहायचं.

घरात सकाळपासून मशीनचा आवाज असे. पॉपलीनचा आवाज वेगळा, खाकीचा वेगळा. खाकी शिवताना मशीन म्हाताऱ्या माणसासारखी जिना चढायची. मागच्या खोलीत आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायची आणि तिचा हात नकळत मशीनच्या तालावर पडायचा. दादांनी जोर धरला की भाकरी पातळ होत, दोरा तुटला की एखादी जाड राहून जाई. ती जाड भाकर माझ्या वाट्याला येई. आजही कुठं जाड भाकर ताटात पडली तर मला वाटतं, आत कुणाचा तरी दोरा तुटलाय.

शिंप्याच्या पोरीचे कपडे कसे असतील, असं लोकांना वाटतं. ते कसे असतात ते सांगते: उरलेले असतात. शाळेचा निळा फ्रॉक मात्र दादांनी सहावीत नव्या कापडाचा शिवला आणि खाली चांगला हातभर कापड आत दुमडून ठेवलं. ‘वाढतं आंग हाये’ असा त्यांचा सिद्धांत. मग दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी एक दुमड उसवायची. उसवलेल्या जागी जुनी शिवण आणि न विटलेलं निळं, अशी एक गडद रेघ राहायची. नववीत पोचेपर्यंत माझ्या फ्रॉकवर अशा तीन रेघा झाल्या होत्या. माझी मैत्रीण रेहाना, बांगड्यावाल्या चाचांची मुलगी, बोटानं त्या मोजून म्हणायची, “शोभे, तुझा दाखला काढायची गरजच नाही. फ्रॉक दाखवला की इयत्ता समजते.”

आता आणखी एक वस्तू सांगायला हवी, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. आईकडे एक शिप होती. नदीतला तळहाताएवढा शिंपला. त्याची पाठ दगडावर घासून मधोमध भोक पाडलेलं. त्या भोकाच्या धारेनं कैरी सोलायची. साल अशी पातळ निघायची की आत्ताच्या त्या चकचकीत सोलाण्यांनी मान खाली घालावी. सांगायचं ते असं, की आमच्या घरात त्या वस्तूला शिप म्हणत. पुस्तकात तिला शिंपला म्हणत. आणि शिंपी म्हणजे आम्ही. यात कुणालाही काही शंका नव्हती. तांडेल सर येईपर्यंत.

तांडेल सर आम्हाला विज्ञानाला होते. समुद्रकाठचा माणूस. बदली होऊन आमच्याकडे आला, जिथं पाणी बघायचं तर धरणावर जावं लागतं आणि लाट बघायची तर परातीत. सरांच्या कपाटात शंख, शिंपले, कवड्या आणि औषधाच्या पाण्यात बुडवलेली एक माकूल, म्हणजे दहा हातांचा समुद्री जीव, होती. पुस्तकातले बाकीचे धडे ते पाहुण्यासारखे उरकायचे, पण मृदुकाय प्राण्यांचा धडा आला की त्यांचा आवाज बदलायचा. मऊ अंगाचे, बिनहाडाचे जीव. कुणी शंखात राहतं, कुणी दोन शिंपल्यांत, कुणी कवच पोटात घालून फिरतं. एकदा ते खिडकीबाहेर, सोयाबीनच्या शेताकडे बघत म्हणाले, “काय सांगू मुलांनो, मला तिसऱ्या फार आवडतात. इथे मिळतच नाहीत.” तिसऱ्या म्हणजे त्यांच्याकडचे खायचे छोटे शिंपले. आम्हाला ते कुठून माहीत? संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी होती की तांडेल मास्तराच्या दोन आहेत आणि तिसरी शोधायला तो मोताळ्यात आलाय. आईनं मला आठवडाभर मागच्या बाकावर बसायला सांगितलं. मी आनंदानं बसले, आणि तिथं छान झोप लागते हे मला कळलं. मृदुकाय प्राण्यांचा धडा त्याच आठवड्यात झाला.

(माझी मुलं म्हणतात, आई, ही गोष्ट सांगताना तू दर वेळी झोप एकेक दिवसानं वाढवतेस. वाढवत नाही. आठवत जाते.)

नववीच्या परीक्षेला माझ्यासाठी फार मोठी किंमत होती. दादांनी स्वच्छ सांगितलं होतं, टाचण्या काढून: “पास व्हत जाशीन तोवर शिक. बुलढाण्याच्या कॉलेजात जायचं तं जाय, मी नाई म्हणत नाई. पण नापास झाली का दुसरी मशीन तुही.” आणि हिवरा आश्रम गावची आत्या, जी दर वर्षी लोणच्याच्या दिवसांत आमच्याकडे यायची, तिच्या मनात तर त्या दुसऱ्या मशीनच्याही पुढचं होतं. तिच्या नात्यात एक मुलगा होता. पिठाची गिरणी होती. तो बोलला की गिरणी चालू आहे असं वाटायचं. मला कॉलेजात जाऊन काय शिकायचं होतं, याचा मला पत्ता नव्हता. मला रेहानासोबत रोज एसटीनं घाट चढून बुलढाण्याला जायचं होतं, थंड हवेत कॅन्टीनला बसायचं होतं आणि पिठाच्या गिरणीपासून दूर राहायचं होतं. उच्च शिक्षणाची प्रेरणा म्हणून हे काही कमी नाही.

विज्ञानाचा पेपर सरांनी स्वतः सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापून काढला होता. ठसठशीत काळी शाई, मध्येच फिकट. ‘शिंपल्याचे दोन उपयोग लिहा.’ मी लिहिलं: एक, कैरी सोलणे, दोन, उरलेली कैरी सोलणे. ‘गोगलगायीला दात असतात काय?’ मी लिहिलं: म्हातारपणी नसतात. गोगलगायीची आकृती काढली, नावं दिली. आणि शेवटचा प्रश्न होता: ‘शिंपी कोणत्या वर्गात मोडते?’ गुण एक. तांडेल सरांना शेवटी सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न टाकायची खोड होती. शिवाय वरती त्यांनी ‘शिंपला’ लिहिलेलं होतं. म्हणजे इथं शिंपी लिहिलंय ते माणसाबद्दलच असणार, असं माझं तर्कशास्त्र. आणि हे उत्तर तर मला झोपेतही येत होतं. महिन्याभरापूर्वीच दादांनी तहसीलातून आमचा दाखला आणला होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘शिंपी इतर मागास वर्गात मोडते.’ खाली दुहेरी रेघ मारली. सबंध पेपरात एवढ्या खात्रीनं मी दुसरं काहीही लिहिलं नव्हतं.

निकालाच्या आधी तपासलेले पेपर पालकांच्या सहीसाठी घरी द्यायची आमच्या शाळेत पद्धत होती. मला शंभरपैकी चौतीस पडले होते. पासाला पस्तीस. गोगलगायीच्या आकृतीशेजारी सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘हा फेटा आहे.’ आणि शेवटच्या उत्तरावर मोठी फुली, तिच्या बाजूला एकच शब्द: ‘चेष्टा?’

“शोभे, तू तो गई,” रेहाना म्हणाली. आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसलो होतो. तिला त्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते. तिनं लिहिलं होतं: द्विपुट वर्ग. “अगं, शिंपी म्हणजे शिप. सरच्या गावाकडं छोट्या शिंपल्याले शिंपी म्हणतात. धड्यात सांगितलं होतं ना!”

“मग टेलर शिंपी असता तर काय लिहिलं असतं?”

रेहाना मराठीत वर्गात पहिली यायची. ती म्हणाली, “मग ‘मोडतो’ लिहिलं असतं. तो मोडतो, ती मोडते.”

मी प्रश्नपत्रिका मांडीवर उघडली. ‘मोडते.’ त आणि त्याच्यावर एक मात्रा. मात्रेच्या शेजारी मोकळी जागा, एक उभी रेघ मावेल एवढी. माझ्या कंपासपेटीत काळं बॉलपेन होतं. रेहानानं एसटीच्या पाटीकडं तोंड फिरवलं. ती पुढं वकील झाली, यात मला नवल वाटलं नाही. मी श्वास रोखून एक काना मारला. ‘मोडते’चं ‘मोडतो’ झालं. चूक माझी राहिली नाही, पेपरची झाली. आयुष्यात एवढी सरळ रेघ मी परत मारलेली नाही.

घरी अंगणात आई आणि आत्या कैऱ्या सोलत बसल्या होत्या. आत्यानं पेपर हातात घेतला. तिला वाचता येत नसे, पण लाल शाई येत असे.

“बाप्पा! हे सारं लाल काऊन हाये वं?”

“तपासलं की लालच असते आत्या.”

“चौतीस,” आई हळूच म्हणाली. तिला आकडे येत.

“मी तं पह्यलेच म्हणत होती,” आत्या शिप माझ्यावर रोखून म्हणाली, “ही पोट्टी म्हंजे गोगलगाय नि पोटात पाय. दिसाले गरीब अन् भलतीच आतल्या गाठीची. दादा, गिरणीवाल्याले कळवू काय?”

दादांनी मशीन थांबवली. पेपर घेतला, आरशाजवळ उजेडात धरला. मी मनात पाढे म्हणत होते. ते पान उलटत शेवटच्या उत्तरावर आले आणि तिथंच थांबले. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एक-एक काढून डबीत ठेवल्या. सहा टाचण्या. आमच्या घरात याहून गंभीर विधी नव्हता.

“शोभा, शिंपी कोणत्या वर्गात हाये?”

“ओबीसीत.”

“मंग तू काय लिवलं?”

“तेच.”

“अन् मास्तरानं फुली मारली?” त्यांनी बोट लाल शब्दावर ठेवलं. “चेष्टा. कोनाची चेष्टा? शिंपी म्हनलं का चेष्टा होते काय बे?” हे ‘बे’ मला नव्हतं, हवेला होतं. मी घाईघाईनं प्रश्नपत्रिका पुढं केली, ‘मोडतो’वर बोट ठेवून. दादांनी ती पाहिली. जरा जास्त वेळ पाहिली. डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, अंगठा त्या अक्षरावरून हलकेच फिरवला, शिवण बघतात तसा. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “दाखला काढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात मापाची टेप विसरून तशीच, शाळेत निघाले. एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जातीचा दाखला, दुसऱ्या हातात मी. दादा भांडणार होते ते माझ्या काळ्या बॉलपेनच्या जोरावर. सर त्या स्टेन्सिलचे मालक. काना त्यांनी कापला नव्हता हे जगात सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक. मी एक मार्क वाचवायला निघाले होते आणि आता दादांची पत घेऊन बुडणार होते.

तांडेल सर प्रयोगशाळेत कपाट पुसत होते. दादांनी दाखला टेबलावर मांडला.

“मास्तर, हे वाचा.”

सरांनी चष्मा लावला. “जात, शिंपी. इतर मागास वर्ग. बरं.”

“खाली सही कोनाची?”

“तहसीलदारांची.”

“आता हे वाचा.” उत्तरपत्रिका. “माह्या पोट्टीनं तेच लिवलं. तुमी फुली मारली. सरकार चूक का तुमी चूक, तेवढं सांगा. मी जातो. दुकान उघडं हाये.”

सर दाखल्याकडं पाहत राहिले, मग उत्तराकडं, मग माझ्याकडं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “अरे देवा,” ते म्हणाले. “म्हणजे हिनं खरंच... मला वाटलं ही माझी थट्टा करतेय. अहो मास्तर, मी शिंपल्याबद्दल विचारलं होतं. आमच्याकडे लहान शिंपल्याला शिंपी म्हणतात. मी ‘मोडते’ असं...”

“इथीसा ‘मोडतो’ हाये,” दादा म्हणाले आणि प्रश्नपत्रिका पुढं केली.

सरांनी ती घेतली. खिडकीपाशी गेले. उजेडात धरली, जरा तिरपी केली. काळ्या बॉलपेनची शाई उन्हात जांभळी चमकते हे मला त्या दिवशी कळलं. भिंतीवरचं घड्याळ खाकी शिवत होतं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं एकच नजर टाकली, मग दादांच्या गळ्यातल्या टेपकडं, आणि कागदाची घडी घालत म्हणाले, “काना आहे खरा.”

एवढंच. मी श्वास सोडला तो बहुतेक तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू गेला.

“मास्तर, कागद तुमच्या बाजूनं बोलतोय,” सर पुढं म्हणाले, “पण शास्त्राचा पेपर आहे, मार्क मला शास्त्रालाच द्यावा लागेल. त्या एका मार्कासाठी हिची तोंडी परीक्षा घेतो, आत्ता, तुमच्यासमोर. आली तर पास.”

हे तर नापास होण्यापेक्षा वाईट होतं. मी त्या धड्याला झोपले होते.

सरांनी कपाटातून एक-एक वस्तू काढून निळ्या टेबलक्लॉथवर मांडली. दादा बाकावर बसायला तयार नव्हते. कटिंगच्या टेबलाशी उभं राहावं तसे उभे. त्यांनी एक पांढरी, हलकी, लांबट वस्तू उचलली आणि सवयीनं टेबलक्लॉथवर सरळ रेघ ओढली. “खडू लय मुलायम हाये.”

“अहो, तो खडू नाही! समुद्रफेन आहे ते. माकुलीसारखा एक प्राणी असतो, त्याचं कवच. त्याच्या अंगाच्या आत असतं.”

“आतमंधी? कडक वस्तू आतमंधी?” दादांनी ती बोटांनी दाबून पाहिली. “म्हंजे बकरम.”

“काय?”

“कॉलरीत टाकतो ते. वरून कापड मऊ, आत बकरम. नाई तं कॉलर उभी राह्यत नाई.”

सर ‘बकरम, बकरम’ असं दोनदा स्वतःशी पुटपुटले. मग त्यांनी माझ्यापुढं एक मोठा, दोन झाकणांचा शिंपला ठेवला. “हा कोणत्या वर्गात मोडतो?”

मी शिंपल्याकडं पाहिलं. शिंपल्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. दादा खाकरले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “डबल ब्रेस्ट.”

“मास्तर, प्रॉम्प्टिंग नको.”

“मी तं कोटाचं बोलून राह्यलो.”

पण माझ्या डोक्यात दिवा लागला. डबल ब्रेस्ट म्हणजे दोन पल्ले. दोन पल्ले, दोन पुटं... “द्विपुट, सर! द्विपुट वर्ग!”

“ठीक. हा बंद कसा होतो?”

काज नव्हतं, बटण नव्हतं. मी आत डोकावले. दोन बाजूंना दोन गुळगुळीत डाग होते, हुक उसवल्यावर राहतात तसे. “इथं आणि इथं काहीतरी लावलेलं होतं. आतून ओढून धरायला.”

“स्नायू. चांगलं. आणि उघडतो कशानं?”

मागच्या बाजूला दोन्ही झाकणं जोडणारी काळसर पट्टी होती. मी दाबली, ती परत ताणली. “इलॅस्टिक आहे.”

सरांनी आता खुर्ची पुढं ओढली. “जिवंत असताना कवचाला आतून लागून काय असतं?”

“अस्तर,” मी आणि दादा एकदम म्हणालो.

“पुस्तकात त्याला काय म्हणतात? शोभा, तू एकटी.”

“प्र... प्रा... प्रावार.” कुठून आला देव जाणे, झोपेतही कान उघडे असतात.

“शाब्बास. आणि आता मजा बघा मास्तर. कोटाला अस्तर कोण लावतं? शिंपी. इथं उलटं आहे. इथं ते अस्तरच कोट तयार करतं. प्रावारातूनच कवच बनतं.”

दादा थक्क झाले. त्यांनी शिंपला हातात घेतला, आतून अंगठा फिरवला. “अस्तर कोट शिवते? मंग शिंपी कायले पाह्यजे?”

“तेच तर. स्वतःचा कोट स्वतः शिवतो, म्हणून त्यालाच शिंपी म्हणत असतील.”

यावर दादा जे हसले, ते मी घरात कधी ऐकलं नव्हतं, कारण घरात टाचण्या असत. मग ते गंभीर होऊन म्हणाले, “पण मास्तर, एक अडचण हाये. हा लहानाचा मोठा होत असन. मंग कोट लहान नाई पडत?”

“शोभा, उत्तर दे,” सर म्हणाले. “शेवटचा प्रश्न. शिंपल्याच्या पाठीवर या गोल रेघा कशाच्या?”

मी रेघा पाहिल्या. एकीखाली एक, एकीपेक्षा एक मोठी, काही फिकट, काही गडद. मान खाली गेली, आणि मान खाली गेली की मला माझा फ्रॉक दिसायचा. निळा, विटका, आणि खालच्या काठाशी तीन गडद रेघा.

“सर,” मी म्हणाले, “अंग वाढत गेलं तशी यानं दुमड सोडलीय. प्रत्येक वेळी एक रेघ राहिलीय.”

सरांनी शिंपला पाहिला, मग माझा फ्रॉक. लाल पेन काढून त्यांनी चौतीसचे पस्तीस केले. मग ‘चेष्टा?’ या शब्दावर आडवी रेघ मारली, तिच्यापाशी सही केली आणि दादांना म्हणाले, “हे मी लिहायला नको होतं. चुकलं माझं.”

“आता सही करतो,” दादा म्हणाले. सही करताना त्यांची नजर सरांच्या सदऱ्यावर गेली. वरून दुसरं बटण नव्हतं. तिथं टाचणी होती. दादांना जगात काही सहन झालं नाही तर ते हेच. कॉलरमागं खोचलेली सुई आणि पाकिटातून कागदाची एक पुडी निघाली. आजोबांच्या वेळची, खऱ्या शिंपल्याची दोनच बटणं त्यात उरली होती. ती ते कुणाला दाखवतही नसत. “ओठाले लावून पाहा. प्लॅस्टिक असन तं कोमट लागते. हे गार लागते.” सरांनी बटण ओठाला लावलं आणि खिडकीबाहेर सोयाबीनच्या आता रिकाम्या शेताकडं पाहत राहिले. मग दादांनी ते सरांच्या छातीशी वाकून, उभ्या-उभ्या लावून दिलं. निघताना सर म्हणाले, “अहो, गोगलगायीचं राहिलंच. तिचा वर्ग उदरपाद. उदर म्हणजे पोट, पाद म्हणजे पाय.”

“पोटात पाय!” दादा म्हणाले. “हे तं माही बहीण रोज म्हनते. तिले कोनी मार्क देत नाई.”

आत्याला पस्तीस हा आकडा पटायला दोन दिवस आणि एक बरणी लोणचं लागलं. गिरणीवाल्याला कळवलं गेलं नाही. पुढं मी बुलढाण्याच्या कॉलेजात गेले, घाट चढून, रेहानाशेजारी खिडकीत बसून. आणि विज्ञानच घेतलं, कारण त्या एका मार्कानं मला असं वाटायला लागलं होतं की या विषयात माझं काहीतरी आहे. आता गेली कित्येक वर्षं मी मुलांना जीवशास्त्र शिकवते. प्रावार आला की अस्तर म्हणते, समुद्रफेन आला की बकरम. तपासनीस आले की दोन्ही शब्द गिळते.

कॉलेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलसाठी पांढरा ॲप्रन लागणार होता. दादांनी तो शिवायला घेतला. खाली चांगली हातभर दुमड ठेवली, जणू मी पंचविशीपर्यंत वाढत राहणार होते. प्लॅस्टिकची चार बटणं लावून झाली. पाचव्यासाठी त्यांनी पाकिटातून ती पुडी काढली. उरलेलं एकुलतं बटण त्यांनी सर्वांत वर, गळ्याशी लावलं. मी ते ओठाला लावून पाहत होते, गार, तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सहाही टाचण्या डबीत गेल्या.

“शोभा, जिंदगी अल्टर करण्यात गेली माही. मागून मारलेला टाका मले ओळखू येत नाई काय?”

मी बटण ओठालाच धरून ठेवलं.

“तो काना लय सरळ मारला होता तू. पण गरज काय होती वं? आपल्या बोलीत शिंपी बी मोडते, शिंपीण बी मोडते. तो बी जाते, ती बी जाते. तू आपली बोली धरून बसली असती ना, तं मास्तरले तिथंच गप करता आलं असतं. फुकट काना वाया घातला.”

एवढं बोलून त्यांनी पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या आणि मशीनला पाय लावला. मला खूप काही विचारायचं होतं. माहीत होतं तर शाळेत कशाला आलात, दाखला घेऊन, गळ्यात टेप घालून? पण आता त्यांच्याकडून पाच अक्षरं मिळणार नव्हती. आणि मी तरी काय बोलणार? मी शिंपीच ती. दोन्ही पुटं घट्ट मिटून घेतली.